सगळं वाजवायचंय, पण कोणाबरोबर? देवगडच्या एका गिटारवाल्याला उत्तर

देवगडहून एका तरुणाचा प्रश्न आलाय. तो सात वर्षं गिटार वाजवतो, पाश्चात्त्य पद्धतीने शिकलाय आणि अमेरिकन गिटारवादक बिल फ्रिझेल ऐकल्यापासून अस्वस्थ आहे. तो लिहितो: "हा माणूस जॅझ वाजवतो, अमेरिकेतली गावाकडची गाणी वाजवतो, मॅडोनाचं गाणंही वाजवतो आणि तरी दोन सुरांत ओळखू येतो. मलाही सगळं वाजवायचंय. पण इथे जो तो सांगतो, आधी एक काहीतरी धर. शिवाय इथे ना ड्रमर, ना बासवाला. आहे ते भजनी मंडळ आणि दशावतारी नाटक. मुंबई गाठल्याशिवाय काही होणारच नाही का?"

मी मुंबईत सव्वीस वर्षं गिटार वाजवली, दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलांत. आता अकरा वर्षं झाली वेंगुर्ल्याला परत येऊन. म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा आहे, आणि उत्तर जरा लांबणार आहे.

सगळं वाजव. त्यात काही पाप नाही. पण तू फ्रिझेलच्या वादनातून जे उचलू बघतोयस ते गाण्याच्या प्रकारांची यादी आहे, आणि त्याची शैली यादीतून आलेलीच नाही. तो कोणाकोणाशेजारी बसला हे बघ. तिथून सगळं उलगडतं.

त्याचा जन्म १९५१ सालचा, बाल्टिमोरचा. वाढला डेन्व्हरला. गिटारच्या आधी तो क्लॅरिनेट वाजवायचा, हे लक्षात ठेव, पुढे लागेल. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकला, जॅझ गिटारवादक जिम हॉलकडेही काही धडे घेतले. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो दोन अगदी उलट्या टोकांना वाजवत होता. एकीकडे सॅक्सोफोनवादक जॉन झोर्नची 'नेकेड सिटी' ही मंडळी, जिथे पापणी लवायच्या आत संगीताचा प्रकार बदलतो, मधूनच नुसता कल्लोळ. दुसरीकडे ड्रमर पॉल मोशनचं त्रिकूट, जिथे एकेक सूर जपून ठेवल्यासारखा येतो. १९९७ साली 'नॅशव्हिल' हा अल्बम आला. त्यात तो ब्लूग्रासच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताच्या लोकांत जाऊन बसला. डोब्रो नावाची गिटार, बॅंजो, मॅंडोलिन, बास, आणि ड्रम नाहीच. २००३च्या 'इंटरकॉन्टिनेन्टल्स'मध्ये ब्राझीलचा गायक-गिटारवादक आहे, ग्रीसचा वादक आहे, मालीचा तालवादक आहे. प्रत्येक वेळी माणसं बदलली, की त्यांच्या हातातून आलेलं त्याच्या हातात उतरलं. नॅशव्हिलच्या लोकांबरोबर बसून त्याने बॅंजो उचलला नाही. बॅंजोच्या शेजारी आपली गिटार कुठे ठेवायची ते तो शिकला. ते शिकणं मग पुढच्या जॅझच्या वादनातही ऐकू येतं.

आता तुझी तक्रार, बासवाला नाही. मोशनच्या त्रिकुटात कोण होतं माहीत आहे? मोशन ड्रमवर, जो लोव्हानो सॅक्सोफोनवर आणि फ्रिझेल गिटारवर. बासच नव्हता! १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०११ मध्ये मोशन जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं हे त्रिकूट टिकलं. बास नाही म्हणून फ्रिझेलने खालच्या तारांवर बास वाजवून जागा भरून काढली असं तुला वाटेल. फार थोड्या ठिकाणी तसं आहे. बहुतेक वेळा तो ती जागा मोकळी सोडतो. खाली जमीन नसली की वरचे दोन सूर तरंगायला लागतात, आणि ते तरंगणं हाच त्या तिघांचा आवाज आहे. हेडफोन लावून फक्त गिटारकडे कान ठेव आणि तो किती वेळ काहीच वाजवत नाही ते घड्याळावर मोज. मी मोजलं होतं तेव्हा माझा विश्वास बसेना.

याच मोशनचा आणखी एक धागा आहे. तरुणपणी तो पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटात होता. १९६१ साली न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये झालेलं त्यांचं ध्वनिमुद्रण आजही जॅझ शिकणारा प्रत्येक जण ऐकतो. आणि फ्रिझेल ज्याच्याकडे शिकला त्या जिम हॉलने १९६२ साली याच एव्हान्सबरोबर 'अंडरकरंट' नावाचा अल्बम केला. फक्त पियानो आणि गिटार. तू आधी हाच ऐक, कारण तुझ्या गावातल्या अडचणीचं उत्तर त्यात आहे.

पियानो आणि गिटार, दोन्ही कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, वाजवणारी वाद्यं. दोघांनी एकदम कॉर्ड लावले की नुसता चिखल. त्या अल्बममध्ये असं जवळजवळ कुठेही होत नाही. एव्हान्स गाणं पुढे नेत असेल तेव्हा हॉल एका जलद गाण्यात चार मात्रांचा हलका ठोका धरून बसतो. ड्रमही तोच, बासही तोच. हॉलची गिटार गायला लागली की एव्हान्सचा डावा हात जवळजवळ गप्प होतो. कोण पुढे, कोण मागे हे कोणी कोणाला सांगत नाही, आणि तरीही दोघं एकमेकांच्या पायावर पाय देत नाहीत.

तुझ्या मंडळात पियानो नाही, पेटी आहे. प्रश्न तोच आहे.

मी गावी परत आलो त्या वर्षी वाडीतल्या भजनी मंडळाने मला बोलावलं. मुंबईला गिटार वाजवणारा आपल्या वाडीचा माणूस, म्हणून कौतुकाने. बुवांनी भैरवीतली गौळण घेतली. मी स्टुडिओतल्या सवयीने पंचमावरचा मेजर कॉर्ड लावला, अंतऱ्यावरून परत षड्जावर यायला सगळे लावतात तसा. त्या कॉर्डात शुद्ध निषाद येतो, शुद्ध रिषभ येतो. बुवा दोन्ही कोमल लावत होते. पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, पखवाजवाल्याने मान खाली घातली. बुवा गात राहिले. गौळण संपल्यावर शांतपणे म्हणाले, "तू वाजवतस बरा. पण माका गावक जागा खंय ऱ्हवली?"

सव्वीस वर्षांत कुठल्याही संगीतकाराने मला इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. पुढचे चार महिने मी मंडळात बसायचो तेव्हा एकही कॉर्ड वाजवला नाही. एका तारेवर बुवांच्या मागून चाल वाजवायची, तीही ऐकू येईल न येईल अशी. हे तूही कर. चाल एका तारेवर वाजवली की प्रत्येक सुराकडे सरकत जावं लागतं, आणि गळा कुठे सरकतो, कुठे थेट उडी मारतो ते बोटांना कळतं. फ्रिझेल ऐकताना जाणवेल, तो कितीही दूर गेला तरी मूळ चाल हरवत नाही. त्याच्या मोकळ्या वादनातसुद्धा चालीचा एखादा तुकडा सतत डोकावत असतो.

चाल हातात बसली की मग दोन सूर. संपूर्ण कॉर्ड नको, कारण षड्ज आणि पंचम पेटीवाल्याने आधीच धरलेले असतात. तू फक्त गंधार आणि निषाद दे, बुवा जसे लावतात तसेच, कोमल असतील तर कोमल. जॅझवाले पियानोशेजारी नेमकं हेच करतात, कॉर्डातला तिसरा आणि सातवा सूर ठेवून बाकीचे सोडून देतात. त्या दोन सुरांनी गाण्याचा सगळा रंग कळतो आणि जागा मात्र कमी अडते.

आता प्रत्यक्ष हातात गिटार घे.

आधी सूर पेटीशी लाव, मोबाइलमधल्या ट्यूनरशी नको. देवळातल्या जुन्या पेट्या ठरलेल्या सुरापेक्षा थोड्या वर किंवा खाली असतात, आणि ट्यूनर बरोबर असला तरी पेटीशेजारी तूच बेसूर ठरशील. आमच्या बुवांचा सूर काळी चार. गिटारच्या भाषेत जी शार्प. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या पडद्यावर लावला की जीच्या जागांवर सगळं वाजवता येतं. म्हणजे कॅपोपासून मोजायचं: तिसरी तार मोकळी, हा षड्ज. रिषभ चौथ्या तारेवर सातव्या पडद्यावर. गंधार म्हणजे दुसरी तार मोकळी. मध्यम तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर, पंचम दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर, आणि धैवत म्हणजे पहिली तार मोकळी. बोटं शक्यतो उचलू नकोस. लागोपाठचे सूर वेगवेगळ्या तारांवर असल्यामुळे एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि ते एकमेकांत मिसळतात. स्वरमंडळावरून हात फिरवल्यासारखा झंकार येतो. फ्रिझेलच्या वादनातला जो ओला, लांबणारा नाद तुला वेड लावतो त्यातला अर्धा इथे आहे. मोकळ्या तारा आणि दाबलेल्या तारा अशा शेजारी शेजारी गुंफणं. कुठलंही यंत्र लागत नाही.

उरलेला अर्धा क्लॅरिनेटमध्ये आहे. फुंकीच्या वाद्यात सूर हळू उगवतो आणि हळू मावळतो. गिटारमध्ये तसं नसतं, तार छेडली की सुरुवातीलाच टणत्कार, मग उतार. फ्रिझेल व्हॉल्यूम पेडलने ती सुरुवात झाकतो. तुझ्याकडे पेडल नसेल तर इलेक्ट्रिक गिटारची व्हॉल्यूमची चावी करंगळीने बंद ठेव, तार छेड, आणि मग चावी सावकाश उघड. सूर भात्यातून आल्यासारखा येतो. पेटीशेजारी हे किती सुंदर मिसळतं ते एकदा ऐक. आमचा पेटीवाला पहिल्यांदा ऐकल्यावर स्वतःच्या भात्याकडे बघायला लागला होता. करंगळी सुरुवातीला दुखेल. महिनाभर रोज दहा मिनिटं दे.

भजनी ठेक्यावर काय वाजवायचं? जवळजवळ काही नाही. पखवाज आणि झांज मिळून आठ मात्रा इतक्या भरलेल्या असतात की त्यावर स्ट्रमिंग करणं म्हणजे गर्दीत ढकलाढकली. एका आवर्तनात एक छोटा ठोका. आज समेवर, उद्या पाचव्या मात्रेवर, परवा सातवीच्या किंचित नंतर. मग पखवाजवाला काय करतो ते बघ. तो तुझ्या ठोक्याला उत्तर द्यायला लागला की समज, आता तुम्ही एकत्र वाजवताय. गजर चढत जातो तेव्हा मी हात पूर्ण काढून घेतो आणि टाळ्या वाजवतो. तिथे गिटारचं कामच नाही.

दशावताराबद्दल तू नुसता उल्लेख करून पुढे गेलास, पण जॅझच्या सर्वांत जवळचं आपल्याकडे काही असेल तर ते हेच, असं माझं ठाम मत आहे. लिहिलेली संहिता नसते. आज कोणतं आख्यान, राजा कोण, राक्षस कोण, एवढं रंगपटात ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. पेटीवाल्याकडे बघत बस. नटाने पद म्हणायचं ठरवलं आहे हे त्याला नटाच्या आधी कळतं. खांदा वळला, श्वास घेतला, शेवटचा शब्द लांबला, की सूर तयार. युद्धाला पखवाज कधी उचलायचा आणि कधी थांबायचा हे तिथे कोणी मोजून देत नाही. जॅझच्या शाळेत 'ऐकायला शिका' असं सांगतात आणि त्यासाठी भरपूर पैसे घेतात. तुझ्याकडे जत्रांचा हंगाम आहे, रात्र रात्र बसून बघता येतं. वाजवायला जाऊ नकोस, निदान पहिला हंगाम. फक्त पेटीवाल्याच्या बाजूला बसायची परवानगी माग.

तुला वाटेल, हा जॅझबद्दल विचारणाऱ्याला भजनात आणि दशावतारात का ढकलतोय. कारण जॅझ आपल्या किनाऱ्यालाही असाच आला, माणसांबरोबर. तेरेखोलच्या पलीकडचे गोव्याचे वादक चर्चच्या शाळांत नोटेशन शिकले, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत बसले. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, रात्री ट्रम्पेटवर जॅझ वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही त्याचा हात होता. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनची वाद्यरचना करायचे. त्यांनी काही मिसळायचं असं ठरवलं नव्हतं. पुण्यातला चाल बांधणारा, गोव्याचा स्वरलेखन करणारा आणि उत्तरेचा तबलेवाला एका खोलीत बसले, आणि आपण आज ऐकतो तो आवाज तयार झाला.

इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनचं उदाहरण तुला कोणीतरी देणारच, म्हणून थोडक्यात. त्याच्या 'शक्ती' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७५ सालच्या मैफलीची, १९७६ मध्ये आली. तबल्यावर झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटावर विक्कू विनायकराम बरोबर होते. मॅकलॉफ्लिनने त्याआधी वीणेचे धडे घेतले होते. मींडेसाठी गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट करून घेतलं होतं आणि तरफेसारख्या आडव्या तारा बसवल्या होत्या. त्या घटासमोर आणि तबल्यासमोर उभं राहायचं तर वाद्यच बदलायला लागेल हे त्याने मान्य केलं. म्हणूनच त्या संगीतात पाहुणेपणा वाटत नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०२४ साली 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट' या अल्बमला ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्यांची आणि मॅकलॉफ्लिनची मैत्री सगळ्या आयुष्याची होती.

आता 'एक काहीतरी धर' म्हणणाऱ्यांचं काय. त्यांचं एका बाबतीत बरोबर आहे. बैठक हवी. तू शिकलेलं सोडू नकोस. एक जॅझचं गाणं घे आणि तीन महिने तेच वाजव, बाराही पट्ट्यांतून, कागदाशिवाय. एक अभंगही तसाच घे. दोनच. हे दोन इतके मुरले पाहिजेत की वाजवताना तुझं लक्ष स्वतःच्या बोटांवर राहणार नाही, समोरच्यावर जाईल. ज्याचं लक्ष अजून बोटांवर आहे त्याच्याबरोबर वाजवणं फार एकाकी असतं. मी अशा वादकांबरोबर स्टुडिओत खूप दिवस काढलेत.

आणि ज्यांच्याबरोबर वाजवशील त्यांच्याशी व्यवहार नीट ठेव. हे मी जरा कळकळीने सांगतो. मुंबईत एका कार्यक्रमासाठी मी एका लोककलावंताबरोबर तीन महिने तालीम केली. चाल त्याची, ताल त्याचा. छापील पत्रिकेवर त्याचं नाव 'आणि साथीदार' या दोन शब्दांत गेलं. मी तेव्हा बोललो नाही, आणि ते मला अजून टोचतं. तू बुवांबरोबर वाजवलेलं मोबाइलवर टाकणार असशील तर आधी बुवांना विचार. पखवाजवाल्याचं नाव पूर्ण लिही, वाडीसकट. बिदागी मिळाली तर सारखी वाट.

वाद्याचं तू विचारलं नाहीस, पण समुद्राकाठी राहतोस म्हणून दोन वाक्यं. खाऱ्या हवेने साध्या तारा पंधरवड्यात गंजतात, वाजवून झालं की सुक्या फडक्याने एकेक तार पूस आणि शक्य असेल तर लेप दिलेल्या तारा घे. पावसाळ्यात अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं आणि तारा पडद्यांपासून वर जातात. गिटारच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि ट्रस रॉडला, म्हणजे गिटारच्या मानेतल्या सळीला, स्वतः हात लावण्याआधी माहितगाराला दाखव.

मुंबईला जावं का? जा, पण अजून दोन वर्षांनी. मैफली ऐकायला मात्र आत्तापासून जात राहा. तिथे बासवाले, ड्रमर भेटतील आणि भेटलेच पाहिजेत. पण ते जेव्हा विचारतील, तू काय आणलंस, तेव्हा तुझ्या बोटांत फ्रिझेलची नक्कल असली तर ती त्यांच्याकडेही आहे. बुवांच्या गौळणीमागे दोन वर्षं बसल्यावर जे हातात येतं ते त्यांच्याकडे नाही.

सुरुवात लवकर करायची तर श्रावणातला हरिनाम सप्ताह गाठ. सात दिवस अखंड भजन, वाड्यावाड्यांची मंडळं पाळीपाळीने येतात. संध्याकाळच्या पाळीला गर्दी असते, नवख्याला जागा मिळणार नाही. रात्री दोन ते चारची पाळी कोणालाच नको असते. मंडळाच्या प्रमुखांना भेटून ती माग. गाणारे चार-पाचच असतात, पखवाज हळू वाजतो, बाहेर पाऊस पडत असतो. पेटीच्या भात्याला खेटून बसू नकोस, पेटीवाल्याचा डावा हात अडेल. जरा अंतर ठेवून समोर बस, म्हणजे त्याची बोटंही दिसतील आणि बुवांचं तोंडही. पहिल्या रात्री फक्त एका तारेवर.